दुहेरी बूड

वहीत बापाच्या हातची नोंद आहे:
"देवळालीची मडम. तांब्याची किटली, गळकी.
बूड झाळणे. सव्वा रुपया. बुधवार."
पुढे काही नाही.
पुढचं मी सांगते, भाता माझ्या हातात होता.

तांबट आळीत तेव्हा सगळ्या ऐरणी एकदम बोलायच्या,
तरी बापाला एकेका भांड्याचा खोकला वेगळा कळे.
किटली उलटी धरून त्याने टिचकी मारली.
बद्द.
पुन्हा मारली. म्हणाला, हिला आत आणखी एक बूड आहे.
मडमला भाषा कळली नाही, बोट कळलं.
तिने त्याचं मनगट धरलं.
बाहेर छावणीचा शिपाई पाठमोरा, विडी ओढत.
बापाने डाख सोडवला
आणि कापसातून निघाला एक हात.
चांदीचा. माझ्या करंगळीएवढा.
चार बोटं मिटलेली, एक पुढे,
जसं कुणी म्हणावं: इथे. ही ओळ.

बापाने नवसागर टाकला, पुन्हा झाळलं.
शिपायाला म्हणाला, झालं, गळत नाही आता.

पुढच्या बुधवारी ती आली पार्सल ऑफिसातल्या हनोखला घेऊन.
हनोख वाक्रुळकर, मूळचा कोकणातला,
शनवारतेल्यांचा पोर असं आपणच हसून सांगणारा.
तो तिचं मोडकं इंग्रजी मराठीत ओतत गेला.
की तिचा बाप देवळाचा दिवाबत्तीवाला.
की एका रात्री गावानेच देऊळ पेटवलं
आणि बंबवाले उभे राहिले शेजारची घरं भिजवत.
की पोथीला माणसाचं बोट लावायचं नसतं,
म्हणून हा हात.
पोथी गेली. वाचणारे गेले. बोट राहिलं.
आणि ज्यांनी पेटवलं त्यांच्याच मुलखाची म्हणून
इकडे सरकारने तिला तारेआड घातलं.
आता झडती होणार होती.

याला काय म्हणता, बापाने विचारलं.
याद, हनोख म्हणाला.

बाप जरा दचकला.
आमच्या आळीत "याद राख" म्हणजे भांडणाची सुरुवात.
मग त्याने वही पुढे ओढली, टाक उचलला,
आणि न लिहिताच परत ठेवला.

माझ्या लग्नात रुखवतात एक हंडा आला.
बुडाला मठार जरा दाट.
बाप कानाशी बोलला, कितीही अडलं तरी हा मोडीत घालायचा नाही.
एवढंच. मला काय ते कळलं.

मडम परतली नाही. जहाज, बंदर, कुठलं गाव,
काहीच नाही. नाव वहीत नाही, आर्नाबाई असं ऐकलेलं.
पुढे हनोखनेही बिऱ्हाड आवरलं इस्राएलला जायला,
दारात उभा राहिला, म्हणाला, मी नेतो, माणसांत जाईल.
बाप म्हणाला, ठेव तुझ्या धर्माची नाही रे, तिची आहे.
दोघं चहा प्याले. हनोख रडला बहुतेक.
बाप बरोबर होता का, मला अजून ठरवता येत नाही.

मग स्टील आलं. सासूने मोडवाला बोलावला.
त्याने हंडा काट्यावर टाकला, भुवई उचलली:
वजन जास्त दाखवतोय हा.
मी म्हटलं, माहेरचं आहे, जास्तच असणार.
तीन दिवस सासू बोलली नाही माझ्याशी.

आता नातसून म्हणते पावडरने घासा.
मी राखच घेते, चिंच आणि राख.
हाताला राख लागली की कधी कधी थांबते,
कुठल्या तरी गावी पोथीचीही अशीच झाली असेल, मऊ, करडी.
मग धुते. भरते. टिचकी मारते.

बद्द.

आहे.